एक फेरी कमी

३ जुलै

मुलींचे प्रशिक्षक संघपाल सर म्हणाले, "मॅडम, रोजची वेळ लिहून ठेवत जा. डोक्यात काही राह्यत न्हाई." म्हणून ही डायरी. माझ्या नवऱ्याच्या, गजाननच्या, बियाणे कंपनीने वाटलेली. जानेवारी ते जून कोरी. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापला आहे. आजचा: कपाशीची विरळणी करावी, एका जागी एकच जोमदार रोप ठेवावे.

आज पाच किलोमीटर. गंधाली २८.०५. यशश्री २८.०७.

गंधालीला सतरा पूर्ण. बारावी, कला शाखा. यशश्री पंधरा, दहावी. दोघींना मी घरी शिकवते. सकाळी मैदान, मग अभ्यास, संध्याकाळी पुन्हा मैदान. त्यांचा खेळ चालण्याच्या शर्यतीचा. पळायचं नाही. एक पाऊल सतत जमिनीला टेकलेलं हवं, पुढचा गुडघा सरळ हवा. पंच नुसत्या डोळ्यांनी बघतात. तीन लाल कार्डं झाली की बाद. मीही डोळ्यांनीच बघते. मैदानाच्या कडेला पोतं टाकून बसते, म्हणजे नजर पावलांच्या उंचीला येते. गंधालीची पावलं बघते.

पाच किलोमीटरच्या साडेबारा फेऱ्या. सुरुवातीची अर्धी सोडली की बारा. बारा चिंचोके डाव्या मुठीतून एकेक करून उजव्या मुठीत.

९ जुलै

दोघींचे सतरा नंबरचे फॉर्म भरले. शाळेत न जाता बोर्डाची परीक्षा द्यायची तर हाच रस्ता. शाळा सोडल्याचं कारण विचारलं होतं. गंधालीसाठी लिहिलं, खेळ. यशश्रीसाठीही तेच लिहायला लागले.

"माझ्यात दुसरं काहीतरी लिही ना," ती म्हणाली.

"काय लिहू?"

ती विचार करत उभी राहिली. मला कुकर लावायचा होता.

"असू दे," म्हणाली.

२१ जुलै

कधीतरी हे लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते.

मी मुलींच्याच शाळेत बारा वर्षं मराठी शिकवलं. वरच्या मजल्यावर कनिष्ठ महाविद्यालय, गंधाली तिथे. गेल्या सप्टेंबरात स्पर्धांमुळे गंधालीची हजेरी कमी पडली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मुख्याध्यापक म्हणाले, "चालायची शर्यत? मॅडम, तुमच्या पोरी अजून चालायला शिकल्या न्हाईत का?" सगळे हसले. मीही थोडी हसले. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि दोघींचे दाखले काढले. यशश्रीला मधल्या सुट्टीतून बोलावून घेतलं. तिचा डबा अर्धा राहिला होता.

एकीला घरी शिकवायचं तर दुसरीलाही, असा हिशेब होता. शिवाय शेजारी कोणी चालत असलं की गंधालीचा वेग टिकतो.

पुण्यातल्या एका कॉलेजात खेळाडूंसाठी जागा राखीव आहेत. वसतिगृह आहे, रबरी ट्रॅक आहे. त्यासाठी राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. राज्याला जिल्ह्यातून एकच मुलगी जाते. निवड डिसेंबरात. गंधाली गेली तर ती शाळा, ती खोली, ते हसणं, सगळं मागे पडेल.

२८.०९. यशश्री २८.११. यशश्री कायम दोन पावलं मागे. जोर नाही तिच्यात. साथ मात्र चांगली देते.

२ ऑगस्ट

बर्फाचा ट्रे पुन्हा रिकामा. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, प्यायला जार विकत. कोणीतरी बर्फ संपवतं आणि पाणी भरून ठेवत नाही. जेवताना बोलले. दोघी ताटाकडे बघत होत्या.

"मी खाल्ला," यशश्री म्हणाली.

"एवढा?"

"गरम होतं."

बाहेर दोन दिवस झड लागली आहे.

६ ऑगस्ट

समोरच्या द्वारकाबाई ओट्यावर बसलेल्या असतात. आम्ही मैदानावर निघालो की त्यांचा दिवस सुरू होतो.

"काय सुहासिनीबाई, आत्ता पोरींना कंबर हालवत चालायला लावता. अन् लग्नाच्या वक्ती म्हणसाल, नीट चाल."

यशश्री म्हणाली, "मावशी, लग्नात साडेबारा फेरे असले तर कळवा. लवकर उरकून देते."

म्हातारी हसता हसता खोकली. मी यशश्रीला रागावले. गंधालीही हसली होती. बऱ्याच दिवसांनी.

१४ ऑगस्ट

गंधालीला ताप. यशश्रीला एकटीला घेऊन गेले.

२६.०२. हे शक्य नाही. बाराही चिंचोके उजव्या मुठीत होते, पण मध्येच गजाननचा फोन आला होता. तेव्हा एकाऐवजी दोन सरकले असणार. एका फेरीला सव्वादोन मिनिटं लागतात. फरक जवळपास तेवढाच.

"एक फेरी चुकली का गं?" विचारलं.

तिने माझ्या मुठीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"चुकली असेल," म्हणाली.

एक फेरी चुकली. वेळ धरायची नाही.

२६ ऑगस्ट

गजानन आठ दिवसांनी घरी आला. केदारखेड्याला कंपनीचे कपाशीचे बीजोत्पादनाचे प्लॉट आहेत. हे दोन महिने तो तिकडचाच.

जेवण झाल्यावर म्हणाला, "सुहास, पोरी बोलून न्हाई राह्यल्या."

"तुम्ही असता कुठे, बोलायला?"

"ते बराबर आहे." मग गच्चीवर कपडे आणायला निघालेल्या गंधालीकडे बघत बसला. "ही असं कठड्याला धरून कधीपासून चढून राह्यली?"

"सकाळी आठ किलोमीटर चाललीय ती."

"मंग एखादा दिवस सुट्टी दे. सगळ्यांलाच दे. तू पण घे."

सुट्टी कशी द्यायची असते ते मला आता आठवत नाही. शाळेत असताना घंटा व्हायची.

१८ सप्टेंबर

२८.२२.

दुपारी इतिहास शिकवताना डोळा लागला. जाग आली तेव्हा यशश्री गंधालीला अर्थशास्त्र समजावत होती. दहावीची मुलगी बारावीच्या मुलीला मागणीची लवचिकता शिकवते आहे. गंधालीचा डावा पाय तिच्या मांडीवर होता.

"काय चाललंय?"

"अभ्यास," दोघी म्हणाल्या. पाय खाली गेला.

मला राग यायला हवा होता. एवढंच वाटलं की आणखी दहा मिनिटं डोळे मिटले असते तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

२८.३६. घसरते आहे. यशश्रीही तिच्यासोबत घसरते आहे, तीच दोन पावलं राखून.

संघपाल सर आज अंबडहून लवकर आले होते. तिथल्या एका शाळेत ते कंत्राटी क्रीडाशिक्षक आहेत. स्वतः एकेकाळी जिल्ह्यात पहिले होते. माझ्याशेजारी पोत्यावर बसले आणि दोघींची पावलं बघत राहिले.

"मॅडम, मोठीला एकदा दवाखान्यात दाखवून आणा."

"का?"

"डावी टाच बिचकून पडून राह्यली."

"मी रोज बघते. मला तर तसं दिसलं नाही."

"रोज बघणाऱ्याला दिसत न्हाई ते." मग म्हणाले, "अन् बारकीकडं बघितलं का तुम्ही कधी?"

"तिचं काय?"

ते उठले. पँट झटकली. "बघा एखाद्या दिवशी."

घरी गंधालीला विचारलं. काही नाही म्हणाली. निवडीला दोन महिने आहेत, त्यानंतर दोनच महिन्यांत परीक्षा. एक आठवडा गेला तर भरून कुठून काढणार? संध्याकाळचं अंतर दोन किलोमीटरने वाढवलं आहे.

३ नोव्हेंबर

ट्रे रिकामा.

२९ नोव्हेंबर

प्रिया आली होती. यशश्रीच्या जुन्या वर्गातली, जयंतीच्या कार्यक्रमातल्या नाटकात दोघी बरोबर असायच्या. १४ डिसेंबरला शाळेचं स्नेहसंमेलन आहे, बघायला ये म्हणत होती.

यशश्री म्हणाली, "दुसऱ्या दिवशी ताईची निवड आहे."

"तुझी पण आहे ना?"

"हां. माझी पण."

समजूतदार आहे. मला काही बोलावं लागलं नाही. प्रिया गेल्यावर फाटकाला कडी लावायला तिला बराच वेळ लागला.

१५ डिसेंबर

झालं ते क्रमाने लिहिते.

सहा मुली. मदतनीस कमी होते म्हणून संघटनेने मला फेऱ्या मोजायला बसवलं. कागद दिला, प्रत्येक मुलीच्या नावापुढे रेघ मारायची. फोन बंद करून पिशवीत टाकला. कागद होता तरी चिंचोके हातात ठेवले.

गंधाली पहिली, यशश्री मागे दोन पावलं. दुसऱ्या फेरीत गंधालीला लाल कार्ड. गुडघा वाकला. तिसरीत आणखी एक. मी खुर्चीवर होते, पोत्यावर नव्हते. एवढ्या उंचीवरूनसुद्धा दिसत होतं. ती डावा पाय ठेवत नव्हती, सोडून देत होती.

संघपाल सर कडेने ओरडत होते, "यशा, ब्रेक मारून नको राहू! यशा!"

मला वाटलं, सर नाव घ्यायला चुकले.

चौथ्या फेरीत माझ्यासमोर गंधाली थांबली. आतल्या बाजूला गवतावर बसली. यशश्रीही थांबली.

"जा," गंधाली म्हणाली.

"ताई..."

"जा ना आता! किती दिवस चालशील माझ्या मागं?"

यशश्रीने माझ्याकडे बघितलं. मी मदतनीस होते. कागद खाली ठेवता येत नव्हता. काय बोलले ते मला आठवत नाही. गंधाली सांगते की मी काहीच बोलले नाही.

मग यशश्री निघाली. सव्वा वर्ष रोज बघते आहे, पण मी हिला चालताना पाहिलं नव्हतं. खांदे शांत. पावलांचा आवाज नाही. पाचवी फेरी, सहावी. पुढे गेलेल्या चौघींना एकेक करून गाठलं, मग दोघींवर फेरी चढवली. गंधाली गवतावर बसून टाळ्या वाजवत होती आणि रडत होती, दोन्ही एकाच वेळी.

२६.११.

मुख्य पंच माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, जिल्ह्यात सत्तावीसच्या आत अजून कोणी आलं न्हाई. अन् मध्ये थांबली बी होती. एक फेरी कमी तर न्हाई झाली?"

मी उजवी मूठ उघडली. बारा. कागदावर बारा रेघा.

"बरोबर आहेत."

"पक्कं?"

"मी मोजल्यात."

सही केली. सही करताना १४ ऑगस्ट आठवला.

१६ डिसेंबर

नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. दोन महिने पाय टेकवायचा नाही. डॉक्टर म्हणाले, "चीर ताजी आहे. दुखणं जुनं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"जुलै संपताना," गंधाली म्हणाली.

बर्फ.

"मला का नाही सांगितलं?"

ती दवाखान्याच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. "तू नोकरी सोडलीस आई. मग दुखतंय कसं म्हणायचं?"

यशश्री रिक्षा बघायला बाहेर गेली होती. आली तेव्हा तिला विचारलं, मागे का राहायचीस.

"मी पुढं गेले असते तर?" ती म्हणाली. "तू ताईला सोडून मला धरलं असतंस."

मी असं केलं नसतं, असं मी म्हणाले. रिक्षात पुन्हा एकदा म्हणाले.

१२ जानेवारी

कंपनीने यंदा डायरी दिली नाही, कॅलेंडर दिलं. म्हणून या डायरीतली कोरी पानं वापरते. तारखा बरोबर आहेत, वार चुकीचे.

राज्यात यशश्री चौथी. २५.४८. संघपाल सरांनी पेढे आणले, द्वारकाबाईंना आधी दिले.

येताना बसमध्ये मी नवं वेळापत्रक आखलं. पहाटे साडेचारला उठायचं. अकरावी, बारावी पुन्हा सतरा नंबर. पुण्याचं ते कॉलेज दोन वर्षांनी. यशश्री खिडकीशी बसली होती. तिला कागद दाखवला.

तिने तो पूर्ण वाचला. घडी घालून मला परत दिला.

"आई, अकरावीला मी कॉलेजात जाणार. वर्गात बसणार."

"आणि चालणं?"

"चालणार ना. सकाळी चालीन, मंग कॉलेज. बाकीचे करतात तसं."

"हजेरीचं काय? पुन्हा तेच होईल."

"झालं तर माझं होईल."

"कोणतं कॉलेज?"

तिने नाव सांगितलं. आमचंच. म्हणजे त्यांचंच.

मी म्हणाले, नंतर बघू. तिने जुलैतल्या फॉर्मची आठवण करून दिली. "तेव्हा कारणात 'आई' लिही म्हणणार होते," म्हणाली. चिडून नाही. पत्ता सांगावा तसं.

१९ जानेवारी

गेल्या आठवड्यात तिने सांगितलं त्यावर मला राग आला आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही. सकाळी पोतं घेऊन गेले. मग घडी घातली आणि सबंध वेळ उभीच राहिले.

१० फेब्रुवारी

उद्यापासून गंधालीचे पेपर. प्लास्टर निघालं, काठी आहे. डॉक्टरला दाखवतात तसा ती मला पाय दाखवते, आता इथे दुखत नाही, आता इथे. मी बघते.

गजानन सुट्टी काढून आला आहे. तिला रोज केंद्रावर तोच सोडणार. "चार महिने शेतातल्या झाडांपाशी बसून राह्यलो, आता इथं बसतो," म्हणाला. 

ट्रे मी भरून ठेवला.

२८ मार्च

यशश्रीचेही पेपर संपले. घरात कोणाला काही शिकवायचं नाही. अकरा ते एक पुस्तक उघडून बसले. सवय. मग झोपले. पाच वाजता उठले. घरात कोणी मला उठवलं नव्हतं. गॅसवर चहा झाकून ठेवला होता.

७ जून

गंधालीला एकाहत्तर टक्के. पुण्याच्या त्या कॉलेजात खेळाडूच्या जागेवर नाही, साध्या यादीत नाव आहे, शेवटून तिसरं. वसतिगृहाचं अजून कळलेलं नाही. ती रोज सकाळी मैदानाला एक फेरी घालते. हळू. मी वेळ लावत नाही. तिने एकदा विचारलं, किती झाली? मी म्हणाले, एक.

२६ जून

यशश्रीबरोबर कॉलेजात गेले. अर्जाची प्रत द्यायची होती. मी फाटकाबाहेर थांबणार होते, पण पालकाची सही लागते म्हणाले.

मुख्याध्यापक व्हरांड्यातच भेटले. केस पांढरे झालेत. 

"काय मॅडम! शिकल्या का मंग पोरी चालायला?"

मी काही म्हणायच्या आत यशश्री म्हणाली, "हो सर. मंठा रोडवरून चालतच आलो आत्ता. आई दमलीय, खुर्ची आहे का?"

त्यांनी स्वतः खुर्ची आणली. मी बसले. खरंच दमले होते. मधली सुट्टी झाली, पोरं बाहेर पडली, डबे उघडले. यशश्री त्यांच्याकडे बघत उभी होती आणि मी तिच्याकडे.

सही केली.

३० जून

डायरीतलं शेवटचं कोरं पान. उलटलं की गेल्या वर्षीचा जुलै लागतो. आज सगळं वाचून काढलं. तीन ठिकाणी ट्रेबद्दल लिहिलं आहे. यशश्रीच्या पावलांबद्दल निवडीच्या दिवसापर्यंत एवढंच, की ती दोन पावलं मागे.

१४ ऑगस्टचं पान काढलं. 'एक फेरी चुकली. वेळ धरायची नाही.' खोडलं. वर जागा थोडी होती, बारीक अक्षरात लिहिलं:

यशश्री २६.०२. बारा चिंचोके. फेऱ्या बरोबर.

तिला दाखवलं. तिने वाचलं आणि तळाचा सल्ला मोठ्याने वाचायला लागली, कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांचा. गंधाली आतून ओरडली, काय वाचतेस गं.

"आईची डायरी," ती म्हणाली. "ये. तुझं पण आहे."